राजा अंपत: पक्षी, डायव्हिंग आणि गावं, बारा दिवसांत कसं बसवावं?

गारगोटी

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात भाऊबीज उरकली की इंडोनेशियातल्या राजा अंपतला (पापुआजवळचा बेटसमूह) जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुंबईहून. प्रवास धरून बारा दिवस, फार ताणलं तर तेरा. नवऱ्याने तारकर्लीला ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स) केलंय, पण लॉगबुकात अजून वीसही डाइव्ह नाहीत. मला स्नॉर्केलच्या पुढे जायचं नाही. माझा जीव पक्ष्यांत अडकलाय: विल्सन्स आणि रेड, हे दोन बर्ड ऑफ पॅरडाइज बघायचे आहेत. शिवाय तिथल्या गावांत राहता आलं तर हवंच आहे.

एका एजंटने आठ रात्रींत सहा बेटं असा कार्यक्रम पाठवलाय. वायगेओ, क्री, आर्बोरेक, पियायनेमो, बातांता आणि शेवटी मिसूल. वाचायला झकास वाटतं, पण हे झेपणारं आहे का? बोटीवरच राहावं की होमस्टेत? एवढ्या डाइव्हवर तिथल्या पाण्यात उतरणं शहाणपणाचं आहे का? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), आणि मलेरियाचं ऐकून घरच्यांनी कान किटवलेत. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

दर्यावर्दी

त्या कार्यक्रमातून मिसूल आणि बातांता आधी खोडा. मिसूल दक्षिणेला, पार वेगळ्या दिशेला आहे. तिथली बोट थेट सोरोंगहून (विमान जिथे उतरतं ते शहर) सुटते, वायसाईवरून (वायगेओवरचं बंदर) नाही. उत्तरेकडून मिसूलला जायचं म्हणजे जवळपास अख्खी सहल परत सोरोंगला आणून पुन्हा सुरू करायची. नकाशावर चार बोटं अंतर दिसतं, त्याला फसू नका.

राजा अंपतचा सगळा हिशेब बोटीच्या पेट्रोलवर चालतो. खोली आणि तीन वेळचं जेवण त्या मानाने स्वस्त पडतं. होमस्टेचे दर माणशी, जेवणासकट असतात. पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला जी बोट लागते तिचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, दोघं बसा की आठ जण. म्हणून मुक्काम जितके बदलाल तितका खिसा रिकामा, आणि प्रत्येक बदलात अर्धा दिवस जातो तो वेगळाच. तुमच्या दिवसांत दोन मुक्काम बसतात, तिसरा नाही. पहिला क्री किंवा मान्सुआरच्या किनाऱ्यावर, दुसरा वायगेओवर पक्ष्यांसाठी. आर्बोरेक आणि पियायनेमो पहिल्या मुक्कामावरून एका दिवसात होतात. होमस्टेत आणखी कोणी उतरलं असेल तर संध्याकाळच्या जेवणालाच विचारा, दुसऱ्या दिवशीची बोट वाटून घेता येते. तिथे सगळे असंच करतात.

बोटीवर राहण्याचं म्हणाल तर लिव्हअबोर्ड रोज तीन-चार डाइव्ह मारणाऱ्यांसाठी आहे. तुमच्यातला एकच जण डाइव्ह करणार, दुसरीला पहाटे जंगलात जायचंय आणि दोघांना गाव बघायचंय. बोटीवर यातलं धड काहीच साधणार नाही. पैसेही कितीतरी पट.

आता वाट. मुंबईहून जकार्ता, जकार्ताहून रात्रीच्या विमानाने सोरोंग. जकार्ता-सोरोंग सरळ उड्डाण चारेक तासांचं आहे, मकासारला थांबणारं असेल तर जास्त. सोरोंगची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. विमान सकाळी उतरतं, वायसाईची फेरी दुपारी दोनला सुटते (काही दिवशी सकाळीही असते) आणि दोनेक तासांत पोचवते. मधल्या वेळात सोरोंग शहरात तीन कामं उरका: एटीएममधून पैसे, टेल्कोमसेलचं सिम, आणि पोटभर जेवण. बेटांवर कार्ड कोणी घेत नाही. वायसाईला एटीएम आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. राहणं, बोटी, डाइव्ह, गाईड, सगळ्याची बेरीज करून वर वीस टक्के, एवढी रोकड सोरोंगहूनच न्या. हिशेब जमावा म्हणून: हजार रुपिया म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच रुपये.

भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. ५ लाख रुपिया, ३० दिवस. तो जकार्ताला उतरतानाच घ्यायचा. निघण्याआधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म वेगळा भरावा लागतो तो विसरू नका. राजा अंपतचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला संवर्धनाचे ७ लाख आणि पर्यटनाचे ३ लाख, मिळून १० लाख रुपिया. संवर्धनाचं कार्ड वर्षभर चालतं. दर बदलत असतात, निघण्याआधी होमस्टेवाल्याला विचारून घ्या.

एक सावधगिरीची गोष्ट. जकार्ता-सोरोंग तिकीट मुंबई-जकार्ता तिकिटापासून वेगळं काढलंत तर सामान जकार्ताला उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि देशांतर्गत विमानाची वजनमर्यादा कमी असते. डायव्हिंगचं सामान नेणार असाल तर ते किलो आधीच विकत घ्या. परतीच्या वाटेवर सोरोंग आणि जकार्ता यांच्यात एक रात्र मोकळी ठेवा. फेरी वाऱ्यामुळे रद्द होते आणि तेव्हा कोणी भरपाई देत नाही.

निळीखोल

डायव्हिंगबद्दल. आधी एक खुलासा, कारण हा धागा आणखीही लोक वाचतील: मालवणात प्रशिक्षक मानेमागून सिलिंडर धरून दहा मिनिटं खाली नेतो ती 'स्कुबा' म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. गारगोटीताईंच्या यजमानांचं ओपन वॉटर खरं आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी. पण राजा अंपतात अडचण खोलीची नसते, करंटची असते. पॅसिफिकचं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या खाड्यांतून दुसरीकडे ढकललं जातं, म्हणून तिथे एवढे मासे. केप क्रीला मत्स्यशास्त्रज्ञ जेरी ॲलन यांनी २०१२ मध्ये एका डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या. त्याच टोकावर पाणी दोन्हीकडे फुटतं आणि कधी कधी खालीही ओढतं.

माझं मत: निघण्याआधी अंदमानात किंवा नेत्राणीला आठ-दहा डाइव्ह वाढवा आणि ॲडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढचा कोर्स) करून घ्या. त्यात ड्रिफ्टची, म्हणजे करंटबरोबर वाहत जायची, डाइव्ह घ्याच. सॉसेज, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा नारिंगी फुगा, पाच मीटरवर तरंगत राहून स्वतः सोडता आला पाहिजे. बऱ्याच जणांचं तिथेच फसतं: रीळ बीसीडीला (अंगात घालायचं, हवा भरता येणारं जाकीट) अडकवलेलं असतं, फुगा सुटतो आणि माणूसही त्याच्यामागे वर जातो. रीळ हातात मोकळं धरायचं, दोरा कशातही गुंतलेला नाही हे बघायचं, मग थोडीच हवा भरून सोडायचा. वर जाताना हवा आपोआप फुगते.

तारखांबद्दल तुमचं नशीब चांगलं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला करंट जोरात, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला मंद, हे कोकणात ठाऊक आहे तेच तिथेही लागू. भाऊबीजेनंतर निघून पोचाल तेव्हा चतुर्थी-पंचमी उजाडलेली असेल, म्हणजे डाइव्हचे दिवस बरोबर भांगाच्या आसपास येतात. केप क्री, सार्डिन रीफ, ब्लू मॅजिक हे अष्टमीला धरून ठेवा, तेही गाईड हो म्हणाला तर. पहिले दोन दिवस सावांदारेकचा धक्का, आर्बोरेकचा धक्का, फ्रिवेनची भिंत एवढंच. आर्बोरेकच्या धक्क्याच्या खांबांना मऊ प्रवाळ लगडलेलं असतं आणि सावलीत बांगड्यासारख्या चकचकीत माशांचे थवे उभे असतात. चार-पाच मीटरवर अख्खा तास निघतो, हवाही पुरते.

खाली ओढणारा करंट ओळखायची खूण: मासे नेहमी पाण्याच्या धारेकडे तोंड करून राहतात. भिंतीजवळचे मासे तोंड वर करून उभे दिसले, किंवा आपलेच बुडबुडे वर जायच्याऐवजी गोल फिरायला लागले, तर पाणी खाली जातंय. तिथून आडवं बाहेर पडायचं किंवा भिंतीला चिकटून मेलेल्या खडकाला धरायचं. बीसीडीत थोडी हवा घातली तर हात हवा सोडण्याच्या बटणावरच ठेवा, कारण ओढ सुटली की तीच हवा माणसाला बुचासारखी वर फेकते.

रीफ हूक (करंटमध्ये खडकाला अडकून थांबायचा आकडा) नेणार असाल तर दोरी दीड-दोन मीटरची, बीसीडीच्या खालच्या डी-रिंगला. हूक मेलेल्या खडकातच अडकवायचा, जिवंत प्रवाळात नाही. सोडताना आधी बीसीडीतली हवा काढायची, मग हाताने दोरी ओढत पुढे जाऊन हूक काढायचा. लोक उलट करतात आणि वर जातात.

गावातल्या छोट्या डाइव्ह सेंटरमधलं सामान स्वतः तपासा, लाजू नका. सिलिंडरची कळ उघडून स्वच्छ पांढऱ्या रुमालावर हवा सोडा. तेलाचा डाग पडला किंवा वास आला तर ते सिलिंडर परत. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, पण काँप्रेसरची हवा आत घेणारी नळी इंजिनाच्या धुराकडे तोंड करून असेल तर तो सिलिंडरात जाणारच. एकदा मागे जाऊन नळी कुठे लावलीय ते बघून या. मग रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या आणि प्रेशरचा काटा बघा. श्वासागणिक काटा खाली पडून परत येत असेल तर कळ पूर्ण उघडलेली नाही. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का आणि त्याचं सिलिंडर भरलेलं आहे का, हे दाखवायला सांगा. 'आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

पाणी २७ ते ३० अंश, तीन मिलिमीटरचा सूट भरपूर झाला. वजन तारकर्लीत होतं तेच लावू नका: राजा अंपतात बहुतेक ॲल्युमिनियमचं सिलिंडर मिळतं आणि रिकामं होत आलं की ते तरंगायला लागतं. पहिल्या डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरात ५० बार उरले असताना, बीसीडी रिकामी करून पाच मीटरवर स्थिर राहता येतं का ते बघा. नाही आलं तर किलो वाढवा.

रानवाट

निळीखोल यांनी पाण्याखालचं सगळं सांगितलंय, मी जमिनीवरचं सांगतो. त्याआधी मुक्कामांच्या क्रमाबद्दल: पक्षी शेवटी ठेवा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जावे लागतात (रोज अनेक डाइव्ह केल्या असतील तर), शहाणा माणूस २४ धरतो. हे तास नाहीतर वाया जातात. डायव्हिंग आधी संपवून शेवटच्या दोन रात्री वायगेओवर सापोरक्रेन गावात काढा. विल्सन्स आणि रेड दोन्ही तिथल्या जंगलात आहेत, आणि वायसाईचं बंदर रस्त्याने जवळ असल्यामुळे परतीच्या दिवशी बोट करावी लागत नाही.

विल्सन्स जगात फक्त वायगेओ आणि बातांता या दोन बेटांवर आहे. म्हणूनच एजंटने बातांता घातलं असणार, पण त्याच पक्ष्यासाठी दोन बेटं करायची गरज नाही. नर जंगलाच्या जमिनीवर एक छोटं अंगण राखतो. त्यातलं प्रत्येक वाळकं पान चोचीने उचलून बाहेर टाकतो, वरच्या रोपांची पानंही तोडतो. उजेड पडायला लागला की मादी वरच्या काडीवर येऊन बसते आणि तो खाली छाती फुगवतो. ती छातीवरची हिरवी ढाल वरूनच चमकते, समोरून काळपट दिसते. डोक्यावर पिसं नाहीत, निळी कातडी आहे, तीही अंधारात उजळते. शेपटीच्या दोन तारा वळलेल्या. सगळा पक्षी मैनेहून लहान.

पहाटे साडेचारच्या सुमारास निघायचं. गाईडने झावळ्यांचा आडोसा केलेला असतो, त्यात अंधार असतानाच बसायचं आणि मग हलायचं नाही. खाकी किंवा गडद हिरवे कपडे. विजेरीवर लाल कागद लावा. आत शिरताना झिप, वेल्क्रो आणि पाण्याच्या बाटलीचा कडकड आवाज सगळ्यात जास्त नडतो, म्हणून ज्या वस्तू लागणार त्या आधीच काढून मांडीवर ठेवा. कॅमेऱ्याला ३००-४०० मिलिमीटर पुरेसं आहे, अंतर काही मीटरच असतं. अडचण उजेडाची आहे. शटर एक-शतांशाच्या आसपास, आयएसओ जेवढा सोसेल तेवढा, मोनोपॉड हवाच. फ्लॅश नाही. एसी खोलीतून न येता होमस्टेतून गेल्यामुळे लेन्सवर वाफ धरत नाही, तेवढं एक सुख.

दोन गोष्टींना ठाम नकार द्या. एक, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं. दुसरी, फोटोसाठी नराच्या अंगणात मुद्दाम पान टाकणं. तो पान उचलायला येतो हे खरं, पण रोज रोज झालं की त्याचा सकाळचा वेळ झाडलोटीत जातो. गाईडला आधीच सांगितलं की तो करत नाही. पर्यटकच मागतात म्हणून करतात बिचारे.

रेड मात्र उंच झाडावर नाचतो. सहा ते सातच्या मध्ये, आणि दुपारी चारनंतर पुन्हा. गाम बेटावर साविंगराई आणि येनबेसेर या गावांतही बघता येतो. येनबेसेरला निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० मध्ये याच पक्ष्यासाठी राहिला होता. आणि हो, आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक हा वेगळ्याच कुळातला, त्याचा यांच्याशी संबंध नाही. कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगितलं.

दुर्बिणीतून इतर पाहुणे: पाम काकाकुवा, एक्लेक्टस पोपट (नर हिरवा, मादी लालभडक), पापुअन धनेश. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी नंतर. रात्री गाईडबरोबर गेलात तर ठिपकेवाला कुसकुस (झाडावर राहणारा निशाचर प्राणी) दिसण्याची शक्यता.

गारगोटी

तिघांचेही मनापासून आभार! 'पक्षी शेवटी' हे तर डोक्यातच आलं नव्हतं. एजंटला नवीन आराखडा पाठवते.

अजून दोन शंका. आम्ही दोघं एकत्र पाण्यात असू असं काही आहे का, म्हणजे तो खाली आणि मी वर? मांटा रे मला वरून दिसतील का? आणि खाण्याचं कोणीच बोललं नाही :)

निळीखोल

दिसतील. मांटा सँडी हे उथळ वाळूतलं सफाईचं ठिकाण आहे. मांटा प्रवाळाच्या डोक्यांवर घिरट्या घालतात आणि छोटे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी खातात. डायव्हर वाळूत आखलेल्या दगडांच्या रेषेमागे गुडघे टेकून थांबतात, स्नॉर्केलवाले वर. नोव्हेंबर हा मोसमाचा भाग आहे. तिथे राखणदारांची चौकी आहे आणि एका वेळी किती जण उतरणार यावर मर्यादा, त्यामुळे सकाळी लवकर पोचलेल्यांना थांबावं लागत नाही. वरून बघताना पाय आपटू नका, मांटाच्या मागे पोहू नका. स्थिर राहिलं की तीच खालून येते. २०१० पासून राजा अंपत शार्क आणि मांटांसाठी अभयक्षेत्र आहे, आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाने मांटा देशभर संरक्षित केल्या.

तुमच्यासाठी आणखी एक, आणि ते फुकट आहे. रात्री जेवणानंतर विजेरी घेऊन होमस्टेच्या धक्क्यावर जा. गुडघाभर पाण्यात चालणारा शार्क फिरतो, हातभर लांबीचा, ठिपकेवाला, परांवर रांगत. पाण्यात उतरायची गरज नाही. वॉबेगाँग हा शार्क मात्र दिवसा प्रवाळाखाली सतरंजीसारखा पसरलेला असतो. शेपटीला हात लावलात तर उलटा वळून चावतो.

टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असला तर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला रुंद होत जाते, म्हणून वर पळालात तर तुम्ही हद्दीतच. आडवं लांब जायचं. आणि कांदळवनाच्या खाडीत स्नॉर्केल करायच्या आधी गावात विचारा, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. हे घाबरवण्यासाठी नाही, तिथले लोकही विचारूनच उतरतात.

पिंपळपान

खाण्याचं माझ्याकडे लागलं. होमस्टेचं जेवण म्हणजे भात, मासा, कांगकुंग (आपल्या नाळीच्या भाजीसारखी), कधी भोपळा, कधी नूडल्स. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू मिळाले तर ते वायसाईच्या बाजारातून आलेले असतात, म्हणून होमस्टेला चार दिवस आधी कळवा: टेम्पे, टोफू, अंडी आणून ठेवा. तिथे गेल्यावर सांगितलंत तर भात आणि भाजी, भात आणि भाजी. 'साया तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान' असं सांगायचं, मांस नाही आणि मासा नाही. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मासा ताटात येतो. साम्बालमध्ये बहुतेक वेळा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते. 'तान्पा तेरासी' म्हणा. पॅकबंद मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याचा एक पाऊच न्या. गरम भाताला मेतकूट लावलं की रात्रीचा प्रश्न मिटला. थालीपिठाची भाजणी नेऊन यजमानिणीच्या चुलीवर प्रयोग करायचा विचार असेल तर करा, पण पेट्रोलसारखंच तिथे तेलही लांबून येतं, स्वतःची पिशवी घ्या.

साबुदाण्याशी ज्यांचं नातं आहे त्यांनी पापेडा नक्की चाखावा. सागो ताडाच्या खोडातलं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली खळ, दोन काट्यांवर गुंडाळून घेतात. बरोबर हळदीचा माशाचा रस्सा असतो, तो तुम्ही वगळा. चव जवळजवळ नाहीच, सगळी मजा गिळण्यात.

गावाबद्दल. उत्तरेकडची बहुतेक गावं ख्रिश्चन आहेत, रविवारी सकाळ चर्चची. त्या दिवशी बोट, गाईड, डाइव्ह काही ठरवू नका. आठवड्याचा आराखडा करताना तो रविवार कुठे पडतोय ते बघून तिथेच मुक्काम बदला, दुपारी. गावातून जाताना पोहण्याच्या कपड्यांवर टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतचं काहीतरी. मोठ्यांना 'बापाक' आणि 'इबू', बरोबरीच्यांना 'काका'. मराठी कानाला गंमत वाटते, पण तिथे तो थोरला भाऊ किंवा बहीण. कोणाच्या अंगणातून जायचं तर 'पर्मिसी'.

समुद्र आणि जंगल तिथे कुणा ना कुणा कुळाचं असतं, कागदावर नसलं तरी. आर्बोरेकला उतरलात तर गावाचं शुल्क द्यायचं, पक्ष्यांच्या आडोशाचं शुल्क त्या जमिनीच्या कुळाला जातं. हे 'लुबाडणं' नाही. बाजारात करतात तशी घासाघीस इथे करू नये. आर्बोरेकच्या बायका केवड्याच्या जातीच्या पानांच्या टोप्या आणि पिशव्या विणतात, मांटाच्या आकाराची टोपीही मिळते. पापुआची नोकेन पिशवी २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, ती डोक्यावरून पाठीला लटकवतात. घेणार असाल तर विणणारीकडूनच घ्या, सोरोंगच्या दुकानात नको.

सासी ही पद्धत समजून घ्या, बघण्यासारखी आहे. गाव ठरावीक किनारा ठरावीक काळ बंद करतं. समुद्रकाकड्या, शेवंड, मोठे शंख काढायचे नाहीत. बंद करताना चर्चमध्ये प्रार्थना होते, उघडतानाही, आणि मग काही दिवसच तोडणी. मिसूलच्या कापाटचोल गावात ही सासी बायकांचा गट सांभाळतो. सासीच्या खुणेपलीकडे स्नॉर्केल करायचं असेल तरी आधी विचारा.

सुपारी! गावात पाहुण्याला पिनांग पुढे करतात. ओली सुपारी, चुना, आणि पानाऐवजी नागवेलीच्या जातीचं लांबट फळ. सुपारी चावत चुन्यात बुडवलेलं फळ तोडायचं. चुना हिरडीला लागू देऊ नका, भाजतो. आपल्याकडे पान खाणाऱ्यालाही तो जड जातो, तंबाखू नसला तरी.

औषधपेटी

मलेरियाबद्दल घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. पापुआत तो वर्षभर असतो, फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या दोन्ही जातींचा, आणि क्लोरोक्विन तिथे चालत नाही. 'आम्ही गावाला मलेरियाची गोळी घेतो तीच घेऊ' हे करू नका. डॉक्टरकडे जाताना दोन गोष्टी नक्की सांगा: ठिकाण पापुआ आहे, आणि एक जण डायव्हिंग करणार आहे. दुसरी यासाठी की मेफ्लोक्विन या मलेरियाच्या गोळीने चक्कर आणि तोल जाणं होऊ शकतं, आणि ती लक्षणं डीकंप्रेशनच्या (डाइव्हहून झपाट्याने वर आल्यावर होणाऱ्या) आजारासारखी दिसतात. डॉक्सीसायक्लिन जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. ती उन्हाने कातडी भाजायला कारण होते, म्हणून लांब बाह्यांचा रॅशगार्ड. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस, पण महाग. गोळी जेवणानंतर आणि भरपूर पाण्याबरोबर, डॉक्सी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

परत आल्यावर ताप आला तर, महिन्याभराने का होईना, रक्ततपासणीच्या वेळी 'पापुआहून आलोय' हे सांगा. व्हायव्हॅक्स यकृतात लपून महिन्यांनी उठतो, त्याला वेगळं औषध लागतं.

प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने धुवा, कण निघेपर्यंत ब्रशने घासा, मग अँटिसेप्टिक. नुसतं मलम लावून झाकलं की दोन दिवसांत पू होतो. रोज डाइव्ह करणाऱ्याने संध्याकाळी कानात गोडं पाणी घालून कान कोरडे करावेत, कापसाच्या काडीला हात लावू नये.

आणि विमा. नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग एक तर वगळलेलं असतं किंवा ठरावीक खोलीपर्यंतच असतं. पॉलिसीत तीन शब्द शोधा: स्कुबा, खोलीची मर्यादा, हवाई सुटका. तिसरा नसेल तर डायव्हरांचा वेगळा विमा घ्या. डाइव्ह सेंटरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, जवळचा चालू असलेला प्रेशर चेंबर (डीकंप्रेशनवर उपचार करायची कोठी) कुठे आणि तिथवर बोटीने किती तास.

दर्यावर्दी

पिंपळपान, रविवारी मुक्काम बदलायचं म्हणता, पण सकाळी बोटवाला चर्चमध्ये आणि दुपारी वारा उठला तर? नोव्हेंबरात समुद्र बरा असतो (खराब महिने जुलै-ऑगस्ट, तेव्हा दक्षिणेचा वारा) तरी दुपारनंतर सरी येतात. मी रविवारी बदल नकोच म्हणेन, रविवार अख्खा किनाऱ्यावर.

गारगोटी, तुमच्यासाठी कच्चा आराखडा, वार तुम्ही बसवा: दिवस १ मुंबई ते जकार्ता, २ रात्रीचं विमान, ३ सोरोंग, फेरी, संध्याकाळी क्री. ४ ते ८ क्री, त्यात एक दिवस पियायनेमो आणि आर्बोरेक बोट वाटून, एक दिवस मांटा सँडी, आणि रविवार. आठव्या दिवशी सकाळी शेवटची डाइव्ह, दुपारी सापोरक्रेन. ९ आणि १० दोन पहाटा पक्ष्यांच्या, दहाव्या दिवशी दुपारच्या फेरीने सोरोंग, तिथे रात्र. ११ जकार्ता, १२ मुंबई. पियायनेमोला लाकडी पायऱ्या चढाव्या लागतात, ऊन चढायच्या आत पोचा, म्हणजे क्रीहून साडेसहाला बोट. तेराव्या दिवसाची रजा मिळालीच तर ती क्रीला नको, सोरोंगच्या बाजूला राखीव ठेवा.

पिंपळपान

मान्य. फक्त बदल शनिवारी आला आणि होमस्टेचा मालक गावातल्या चर्चचा कोणी असेल तर तो तयारीत असतो, म्हणून पैसे आणि वेळ शुक्रवारी रात्रीच ठरवा. पेट्रोलचे पैसे आगाऊ मागतील, ते द्या. त्यावरच तो वायसाईहून इंधन आणणार असतो.